डावे चाक

जॅकवर उचललेले डावे चाक त्याने दोन्ही हातांनी फिरवले. ते फिरले, पण एकटे फिरले नाही. चाकाबरोबर आत, एक्सलच्या नळीत, आणखी काहीतरी फिरत असल्याचा जडपणा त्याच्या तळव्यांना जाणवला आणि पाठोपाठ एक हलकी घरघर ऐकू आली. त्याने चाक थांबवले. पुन्हा फिरवले. पुन्हा तेच. उजवे चाक त्याने थोड्या वेळापूर्वी तपासले होते. ते बोटाच्या टोकाने ढकलले तरी कितीतरी वेळ आपल्याच नादात फिरत राहिले होते, आणि बेअरिंगमध्ये कणभरही ढिलाई नसल्याचे समाधान घेऊन तो या बाजूला आला होता. इमारतीच्या तळघरातील वाहनतळावर सकाळचा उजेड उताराच्या रस्त्याने आत सरकत येऊन जीपच्या नाकापाशी थांबला होता. वरच्या मजल्यांवरचे नळ, दारे, शाळेला निघालेली मुले यांचे आवाज पाइपांतून गाळले जाऊन खाली येत होते. तो उकिडवा बसला, चाकाच्या मधोमध असलेल्या हबकडे मान वाकडी करून पाहू लागला, आणि त्याला दिसले की हबच्या चकतीवरचा बाण ‘लॉक’ या शब्दाकडे रोखलेला आहे.

गाडी जुन्या बांधणीची होती. हल्लीच्या गाड्यांत चालकाने बसल्या जागी एक कळ दाबली की चारही चाकांना ताकद मिळते. या जीपमध्ये डांबरी रस्ता संपून दगडधोंड्यांची वाट लागली की थांबून खाली उतरावे लागे आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यावरची मुठीएवढी चकती हाताने ‘फ्री’वरून ‘लॉक’वर फिरवावी लागे, त्यानंतरच पुढची चाके इंजिनाशी जोडली जात. परतताना डांबर आले की पुन्हा उतरून दोन्ही चकत्या मोकळ्या करायच्या, नाहीतर आतले दांडे आणि दाते विनाकारण फिरत राहतात, झिजतात. उजवी चकती त्याची, डावी त्याच्या बायकोची. हे कोणी ठरवले नव्हते. तो चालकाच्या दारातून उतरे, ती पलीकडच्या. ज्याच्या दारापाशी जे चाक, ते त्याचे. आपले काम उरकले की तो बॉनेटच्या या बाजूने म्हणे, “झालं.” ती त्या बाजूने म्हणे, “झालं.” दोन्ही ‘झालं’ झाले की दोन्ही दारे लागत आणि गाडी निघे. बॉनेट उंच असल्याने त्या वेळी त्यांना एकमेकांची तोंडे दिसत नसत. डाव्या चकतीला त्याने उभ्या आयुष्यात हात लावला नव्हता. ती चकती धुवायची, तिच्या खाचेतला चिखल काढायचा, हे कामही तिचेच. दातांच्या कवळ्या घासण्याचा एक आखूड, राठ ब्रश तिने त्यासाठी गाडीच्या कप्प्यात ठेवून दिला होता, आणि हा ब्रश कोणाच्या दातांना लागलेला नाही ना, असे तो प्रत्येक वेळी विचारी आणि ती प्रत्येक वेळी म्हणे, लागला असला तर गाडी चावरी होईल, बरंच आहे.

आता त्याच्या हाताने जे केले ते विचार न करता केले. चकती लॉक आहे आणि ती फ्री असायला हवी, एवढे डोळ्यांनी पाहिले आणि हात पुढे गेला. खाचेत वाळलेला मातीचा थर होता. पाण्याच्या फवाऱ्याने गाडी धुताना तो निघाला नव्हता. बोटांनी जोर लावताच थर तडकला, चकती कुरकुरत वळली, बाण ‘फ्री’वर आला आणि तांबूस मातीच्या खपल्या फरशीवर पडल्या. चाकाला त्याने एक टिचकी दिली. ते हलके होऊन फिरू लागले. आणि ते फिरत असतानाच त्याला कळले की आपण काय करून बसलो. तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी शिकवलेली, पुढे कारखान्याच्या देखभाल विभागात नव्या माणसांच्या डोक्यात त्याने स्वतः ठोकून बसवलेली गोष्ट होती ती: काहीही उघडण्यापूर्वी, काहीही हलवण्यापूर्वी, आहे त्या स्थितीची खूण करून घ्या. या गाडीच्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर त्याने पिवळ्या रंगाची बारीक रेघ मारलेली होती. नट कणभर जरी सैल झाला तर रेघ मोडलेली दिसावी म्हणून. आणि तिचा हात जिथे शेवटचा थांबला होता ती जागा मात्र त्याने खूण न करता फिरवून टाकली होती. त्या थरावर कदाचित बोटांचे ठसे असतील. कदाचित नसतील. आता ते कधीच सांगता येणार नव्हते. तो खपल्या गोळा करू लागला, मग एका खपलीकडे पाहत राहिला, मग त्याने त्या हातातच चुरल्या.

“काय सर, रणगाडा केव्हा निघणार मोहिमेवर?” पहिल्या मजल्यावरचे वकील आपल्या पांढऱ्या मोटारीला किल्ली लावत विचारत होते. हे ते रोजच विचारत. रविवारी, असे त्याने उत्तर दिले. एकटेच की काय, असे विचारताना वकिलांनी नजर दुसरीकडे वळवली, कारण इमारतीत सगळ्यांना सगळे माहीत होते. त्यावर तो, नाही, ती येणार आहे, असे म्हणाला, आणि आपला आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाल्याचे त्याचे त्यालाच ऐकू आले. वकील छान छान म्हणत निघून गेले. त्यांच्या मोटारीला आवाजच नव्हता. अशा गाडीत बिघाड झाला तर कळणार तरी कसे, असा प्रश्न त्याला नेहमी पडे.

ती येणार आहे, असे ती म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, “बघू.” घर सोडून ती वेगळी राहू लागल्याला आता हिवाळा आणि उन्हाळा असे दोन ऋतू उलटले होते. गाडी पूर्ण तयार झाली, अगदी खात्रीची झाली, की दोघे नेहमी जात त्या पठारावर एकदा तरी येशील का, असे त्याने फोनवर विचारले होते. पलीकडून बराच वेळ नळाच्या पाण्याचा आवाज आला होता आणि मग तो शब्द. दूर दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला त्याने ही बातमी आनंदाने सांगितली तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, तुमच्या शब्दकोशात ‘बघू’ म्हणजे ‘हो’ असतं. आईच्या नसतं.” पण त्या एका शब्दावर त्याने गेले कित्येक आठवडे काम केले होते. बायकोने पूर्वी कधीतरी म्हटले होते की गाडी मध्येच बंद पडली तर, या धाकातच निम्मी वाट संपते. म्हणून तो हा धाक एकेक करून काढून टाकत होता. रेडिएटरच्या नळ्या पट्ट्यांजवळ, जिथे त्या आतून कुजतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात, तिथे दाबून पाहून त्याने सगळ्याच बदलल्या. डिझेलच्या गाळणीतले पाणी काढले. दोन्ही एक्सलमधले तेल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरले. ओढ्यातून गेल्यावर पाणी शिरले असेल तर तेल दुधाळ होते, ते तसे नव्हते. स्प्रिंगच्या पाट्यांचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या, पंख्याचा पट्टा, बॅटरीच्या तारांची टोके. इंजिनापासून सुरुवात करायची आणि चाकांशी संपवायचे, हा त्याचा क्रम. चाके शेवटी आली होती, आणि म्हणूनच हे इतके दिवस दिसले नव्हते. साध्या रस्त्यावर, शहरात, एक चकती लॉक राहिली तरी चालकाला काहीच जाणवत नाही. डावे चाक फिरताना आतला डावा दांडा फिरतो, मधले दाते फिरतात, आणि त्यांच्यामुळे उजव्या बाजूचा दांडाही आतल्या आत उलटा फिरत राहतो. फक्त उजवी चकती मोकळी असल्याने उजव्या चाकाला त्याचा पत्ता लागत नाही. हे सगळे त्याला आकृतीसकट माहीत होते. ती आकृती तो वाहनतळाच्या फरशीवर बसून आज प्रथमच पाहत असल्यासारखा पाहत राहिला.

बिघाड शोधण्याची एक रीत असते. एखादी लांबलचक जोडणी निकामी झाली तर टोकापासून एकेक सांधा तपासत बसायचे नाही. बरोबर मध्यावर जायचे आणि पाहायचे. मध्यापर्यंत सगळे ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. ती गेल्यावर रिकाम्या घरात त्याने हेच केले होते. दोन पिशव्या भरून ती दारात उभी होती तेव्हा त्याने विचारले होते, काय बिघडलं? आणि ती म्हणाली होती, काही बिघडलं नाही, मला वेगळं राहायचंय. चालू असलेली वस्तू कारणावाचून थांबत नाही, यावर त्याचा आयुष्यभराचा विश्वास होता, म्हणून तिच्या या उत्तराला त्याने अपुरी माहिती म्हणून बाजूला ठेवले. मग मध्यबिंदू शोधला. पठारावरची शेवटची सफर हा तो बिंदू. त्या सफरीत सगळे ठीक होते. तिथल्या विश्रामकुटीच्या ओट्यावर बसून ती संत्र्याची साल एका लांब पट्टीत, न तुटू देता सोलत होती आणि ती तुटली तेव्हा आपल्याच फजितीवर हसली होती. दगडी चढावर ती नेहमीसारखी पुढे चालत, मागे तोंड करून, हातांनी त्याला चाके कुठे टाकायची ते दाखवत आली होती. म्हणजे दोष त्यानंतरचा. सफर आणि ती दोन पिशव्यांची सकाळ यांच्या दरम्यान काहीतरी घडले. त्या अवधीत त्याला एक संध्याकाळ सापडली होती, जेव्हा तिला बहिणीकडे जायचे होते आणि तो क्लचची तार बसवण्यात गुंतला होता, आणि ती एकटी रिक्षाने गेली होती. हेच ते, असे त्याने मनाशी नक्की केले होते. त्या संध्याकाळबद्दल काय बोलायचे ते त्याने तयार ठेवले होते. रविवारी, कुटीच्या ओट्यावर बसल्यावर, तो ते बोलणार होता.

आणि आता ही चकती म्हणत होती की सफर ठीक नव्हती. सफर संपता संपता, जिथे मातीची वाट डांबराला मिळते त्या जागी, ती खाली उतरली होती आणि तिने चकती फिरवली नव्हती. तो प्रसंग त्याने पुन्हा आठवायला घेतला. उन्हे उतरली होती. डाव्या हाताला एक बंद पडलेली वीटभट्टी, तिच्या धुराड्यावर वाढलेले झुडूप. इंजिन त्याने बंद केले होते कारण त्याला पट्ट्याचा चिरका आवाज वाटत होता. तो उतरला, चकती फिरवली, हात पँटला पुसले, म्हणाला, “झालं.” पलीकडून काही आले नाही. त्याला वाटले, चिखलाने चकती घट्ट झाली असेल. जोर लाव, असे तो म्हणाला का? बहुधा म्हणाला. किंवा म्हणाला नसेल, नुसता थांबला असेल, गरम इंजिनाची टिकटिक ऐकत. आणि मग बॉनेटच्या पलीकडून तिचा शब्द आला होता. “झालं.” तो आला होता याविषयी त्याला शंका नव्हती. तो आला नसता तर त्याने सेल्फ मारलाच नसता. त्या शब्दाशिवाय त्याचा हात किल्लीकडे जात नसे. तेव्हा तो शब्द कसा उच्चारला गेला होता? आवाज सपाट होता का, थकलेला होता, तो वर चढत होता की खाली उतरत होता? पट्ट्याचा चिरका आवाज त्याला अजून कानात जसाच्या तसा ऐकू येत होता. तिचा शब्द मात्र नुसता शब्द म्हणून आठवत होता, कागदावर छापलेला. त्याने तो एकदा मोठ्याने म्हणून पाहिला. तळघरात तो घुमला आणि उताराच्या रस्त्यावरून आत येणाऱ्या झाडूवाल्या बाईने दचकून त्याच्याकडे पाहिले. झालं. चकती फिरवून झाली. प्रवास झाला. दिवस झाला. ऋतुमानाने पाने गळावीत तसे एका शब्दाचे इतके अर्थ खाली पडू लागले, आणि त्याने आजवर त्यातला एकच, नेहमीचा, उचलून खिशात घातला होता.

जॅक उतरवून, चाकांचे नट आडव्या-उभ्या क्रमाने आवळून, हत्यारे पुसून जागच्या जागी ठेवून तो आंघोळीला गेला आणि दुपारी गाडी घेऊन निघाला. रविवारपर्यंत थांबणे आता शक्य नव्हते. शहराच्या रस्त्यांवर जीप उंच आणि बोजड वाटे. बाजूच्या मोटारींची छपरे खाली दिसत, त्यांच्यातली माणसे फोनवर बोलत हसत असत. त्याने सवयीने इंजिनाकडे कान दिला. सगळे आवाज आपापल्या जागी होते. एकही आवाज असा नव्हता की ज्याच्या मागे लागावे, आणि त्या नीटनेटकेपणात त्याला प्रथमच गुदमरल्यासारखे झाले.

ती ज्या जागी काम करत असे ती एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर होती. दंतवैद्यांनी पाठवलेल्या ठशांवरून तिथे कवळ्या बनत. निवृत्तीनंतर ती पुन्हा याच कामाला लागली होती. आत प्लास्टरची पांढरी धूळ, तापलेल्या मेणाचा गोडसर वास, आणि लाकडी फळीवर ओळीने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे. तिची सहकारी, एक जाडजूड हसरी बाई, त्याला पाहताच म्हणाली, “अगंबाई, जीपवाले काका ना तुम्ही? बसा. तोंड उघडू नका फक्त, इथे लगेच माप घेतात.” आणि आपला डबा उचलून बाहेर निघून गेली. त्याची बायको खिडकीपाशी कपाळावर भिंग चढवून मेणात दात बसवत होती. केस तिने कापले होते. हे त्याला कोणी सांगितले नव्हते. अवेळी कसे, असे तिने विचारले. इकडून जात होतो, असे तो म्हणाला. “तुम्ही कधी इकडून जात नसता हो,” ती म्हणाली, “तुम्ही निघता आणि पोचता.” ते ती इतके सहज म्हणाली की त्याला हसू आले, आणि क्षणभर त्याला वाटले, काही झालेलेच नाही, आता ही ॲप्रन काढेल आणि दोघे खाली जाऊन गाडीत बसतील.

तो स्टुलावर बसला. बहिणीकडे जाण्याच्या संध्याकाळचे तयार बोलणे जिभेवर आले आणि मागे गेले.

“डावा हब लॉक होता,” तो म्हणाला.

तिने मान वर केली नाही. “कधीपासून?”

“तेव्हापासून.”

तिच्या हातातली बारीक सुरी थांबली. मग तिने ती काळजीपूर्वक फळीवर आडवी ठेवली, भिंग कपाळावरून काढले आणि डोळे चोळले. तिचा चेहरा पकडले गेलेल्या माणसाचा नव्हता. ती स्वतःच नवीन काही ऐकत असल्यासारखी दिसत होती. मला वाटलं होतं मी फिरवला असेल, असे ती हळूच म्हणाली. हात सवयीने करतोच की. म्हणजे नव्हता फिरवला तर. तो म्हणाला की गाडीचे काही बिघडले का असे तुला वाटेल, तर तसे नाही, थोडीफार झीज, बाकी काही नाही. हे सांगताना आपण हे का सांगत आहोत हे त्यालाही कळले नाही. तिने मान डोलावली. खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार मागे घेत होते आणि कोणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे म्हणत होते.

“पण तू झालं म्हणालीस,” तो म्हणाला.

“म्हणाले.”

ती फळीवरच्या जबड्यांकडे वळली. मग बोलू लागली ती त्याच्याशी नव्हे, हातातल्या वस्तूविषयी बोलावे तशी. “चकतीवर हात ठेवला होता मी. समोर तो काळा रस्ता दिसत होता, अगदी गुळगुळीत. वाटलं, आता घरी. आणि घरी म्हणजे कुठे, हे काही केल्या मला आठवेना. आपलं घर डोळ्यांपुढे आलं, स्वयंपाकघर, खिडकी, सगळं आलं, पण ते घर आहे असं वाटेना. भीतीसुद्धा नाही वाटली हो. नुसतं तोंडातून गेलं, झालं. तुम्हाला म्हणाले नव्हते मी. कोणालाच म्हणाले नव्हते. पण तुम्ही गाडी सुरू केलीत. मग मी येऊन बसले.”

“तेव्हाच सांगायचं होतंस.”

“सांगितलं की.” तिच्या स्वरात टोमणा नव्हता. “तुम्हाला ऐकूही गेलं.”

त्याला काहीतरी धरायला हवे होते. फळीवरचा एक प्लास्टरचा जबडा त्याने उचलला. कोणा म्हाताऱ्याचा असावा, दात नव्हते, नुसती गुळगुळीत कडा, आणि तो वाटला त्यापेक्षा जड होता. काय बिघडलं होतं, असे त्याने पुन्हा विचारले. दारातल्या त्या सकाळी विचारले होते त्याच शब्दांत, कारण त्याच्याजवळ दुसरे शब्द नव्हते. मी काही केलं होतं? काही करायचं राहिलं होतं? तिने त्याच्या हातातला जबडा घेतला आणि जागेवर ठेवला, त्याचे तोंड इतरांच्या ओळीत नीट वळवून.

“काही बिघडलं नव्हतं,” ती म्हणाली. “बिघडलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतंत. तुमच्या हाताला यश आहे. आणि मग मी राहिले असते, पुन्हा.” ओळ पुन्हा सारखी करत ती म्हणाली, “मी चांगल्या चालत्या गाडीतून उतरले. तुम्हाला ते पटणार नाही, ते मला ठाऊक आहे. मलाही रोज पटतं असं नाही.”

रविवारचे त्याने विचारले तेव्हा त्याचे उत्तर त्याला ठाऊक होते; तरीही विचारले, कारण शेवटचा सांधा तपासल्याशिवाय काम संपले असे म्हणायचे नसते. ती नको म्हणाली. ‘बघू’ का म्हणाले तर तुमच्या आवाजात पहिल्यांदाच ग्रीसचा वास नव्हता, म्हणून ‘नाही’ म्हणायला जीभ वळेना, असे ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिने ॲप्रनच्या बाहीने नाक पुसले. तुम्ही जा मात्र, असेही म्हणाली. जेवलात का, असे विचारले. गुडघ्याचे कसे आहे, मुलीचा फोन असतो का. ही सगळी चौकशी खरी होती. तीच जीवघेणी होती. दारात आलेल्या परक्या माणसाची करावी इतकी नीट, एकही गोष्ट न विसरता ती त्याची विचारपूस करत होती, आणि त्याला उमगले की आपल्याशी भांडणारी, गाडीला चावरी म्हणणारी बाई या चौकशीत कुठेच नाही. ती वीटभट्टीपाशी उतरली, आणि आपण तिच्याशिवायच गाडी हाकत घरी आलो, शेजारी कोणीतरी बसलेले आहे अशा समजुतीत.

ती त्याला सोडायला खाली आली. जिना अरुंद असल्याने तो पुढे, ती मागे. फुटपाथवर ऊन होते. त्याने दार उघडले, चढून बसला, किल्ली लावली, आणि त्याला आठवले नाही असे नाही, ते त्याच्या अंगातच उमटले: लग्नानंतरची पहिली वर्षे, ही गाडी तेव्हाही जुनीच, बॅटरी कधी दगा देईल याचा नेम नसलेली. सेल्फ नुसता कण्हू लागला की ती न सांगता मागे जाई, चपला काढून हातात घेई, मग त्या मागच्या फळीवर टाकी, आणि दोन्ही तळवे टेकून गाडी ढकले. आरशात तिचे लाल झालेले तोंड दिसे, ओठ घट्ट मिटलेले, आणि इंजिन धरले, सुरू झाले की तीच तोंड वासून हसत, धावत, चालत्या गाडीच्या दाराला लोंबकळे. मग त्याने एकेक दोष शोधला होता, तारा बदलल्या होत्या, बॅटरी बदलली होती, पंप उघडला होता. कित्येक वर्षांत तिला गाडी ढकलावी लागली नव्हती. ते आपण तिच्यासाठी केले, असेच तो समजत आला होता.

ती फुटपाथच्या कडेला उभी होती, गाडी निघेपर्यंत थांबायचे म्हणून. साऱ्या आयुष्यात त्याने यंत्राकडे उलटे मागणे कधी मागितले नव्हते. आता मागितले. एकदा, फक्त आज, इंजिन न धरण्याचे. त्याने किल्ली फिरवली. सेल्फने पहिला हुंकार दिला, आणि तेवढ्यात, त्या अर्ध्या क्षणात, त्याने आरशात पाहिले: तिचे एक पाऊल फुटपाथवरून खाली, गाडीच्या मागच्या बाजूकडे पडले होते.

इंजिन धरले. नव्या गाळणीतून, नव्या तारांतून, आवळलेल्या प्रत्येक सांध्यातून ताकद विनातक्रार वाहिली आणि गाडी संथ, खात्रीच्या लयीत चालू लागली. आरशात त्याने तिला पाऊल मागे घेताना पाहिले. तिने ते परत फुटपाथवर ठेवले, दुसऱ्या पावलाशेजारी, आणि हात हलवला.